केबिनचा दाब घसरला तर: आधी मास्क, मग कारण

मे महिन्यात कूलर लावलेल्या खोलीची एक खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, हे नागपुरात लहान मुलालाही सांगावं लागत नाही. कूलर हवा आत ढकलत राहतो आणि तिला बाहेर पडायला वाट हवी असते. खिडकी किती उघडी ठेवायची, यावर सगळा खेळ.

प्रवासी विमानाच्या केबिनचंही असंच असतं. इंजिनच्या कॉम्प्रेसरमधून दाबलेली गरम हवा काढून घेतात, तिला ब्लीड म्हणतात. ‘पॅक’ नावाची वातानुकूलन यंत्रं ही हवा थंड करून केबिनमध्ये सोडतात आणि ती सतत आत येत राहते. विमानाच्या मागच्या बाजूला पोटाखाली एक झडप असते, आउटफ्लो व्हॉल्व्ह. ती किती उघडी राहील हे कॉम्प्युटर, म्हणजे कंट्रोलर, ठरवतो आणि त्यावर आतला दाब ठरतो. म्हणून दाबाच्या तक्रारीची कारणं मुळात तीनच. आत येणारी हवा कमी झाली, बाहेर जाणारी वाट नको तितकी उघडली, किंवा जिथे वाट नसायला हवी तिथे पडली. पहिल्यात ब्लीड आणि पॅक येतात. दुसऱ्यात व्हॉल्व्ह, कंट्रोलर आणि चुकीच्या जागी राहिलेला स्विच. तिसऱ्यात दाराचं सील, खिडकी किंवा फ्युजलाजची, म्हणजे विमानाच्या धडाची, तडा गेलेली कातडी. हे तीन कप्पे डोक्यात पक्के ठेवा. मात्र कारण कोणत्या कप्प्यातलं आहे, हे शोधायची वेळ मास्क तोंडावर चढल्यानंतरची आहे.

हे लिखाण टाइप रेटिंगकडे, म्हणजे ठरावीक मोठं विमान उडवायच्या परवान्याकडे, निघालेल्या मुलामुलींसाठी, केबिन क्रूसाठी आणि सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, विमानात बसणाऱ्या प्रवाशांसाठीही आहे. फ्लाइंग क्लबच्या छोट्या सेसना विमानात दाबाची यंत्रणाच नसते, त्यामुळे हा विषय अनेकांना पहिल्यांदा भेटतो तो थेट मोठ्या विमानाच्या सिम्युलेटरमध्ये. इथले आकडे आणि क्रम भारतात सर्वांत जास्त दिसणाऱ्या एअरबस ए३२० आणि बोईंग ७३७ या दोन घराण्यांचे आहेत. प्रत्यक्ष उड्डाणात तुमच्या कंपनीच्या क्यूआरएचमध्ये, म्हणजे कॉकपिटमधल्या चेकलिस्टच्या पुस्तिकेत, जे छापलेलं असेल तेच चालेल.

आकडे अंगवळणी पाडा

टायरमध्ये हवा भरताना आपण ज्या पीएसआयमध्ये दाब मोजतो, तेच एकक इथेही आहे. नागपूर विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून १,०३३ फूट. तिथे हवेचा दाब साधारण १४.२ पीएसआय असतो. ३६,००० फुटांवर बाहेर उरतो तो फक्त ३.३ च्या आसपास. केबिन मात्र जास्तीत जास्त ८,००० फुटांवर असल्यासारखी ठेवतात, म्हणजे सुमारे १०.९ पीएसआय. या ‘आतल्या उंची’ला केबिन अल्टिट्यूड म्हणतात.

आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक ७.६ पीएसआय झाला. ऐकायला किरकोळ वाटतो, पण एका चौरस मीटरवर तो पाच टनांहून जास्त भार टाकतो. १.८ मीटर उंच आणि ०.८ मीटर रुंद दार धरलं तर त्यावर साडेसात टनांच्या वर जोर येतो. कुणी कितीही हँडल ओढलं तरी वरच्या उंचीवर दार उघडत नाही, ते यामुळे. ए३२० मध्ये हा फरक नेहमीच्या कामात ८.०६ पर्यंत जातो आणि ८.६ ला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. नव्या पिढीच्या ७३७ मध्ये हेच आकडे ८.३५ आणि ९.१ आहेत.

आता केबिन अल्टिट्यूडच्या पायऱ्या. ए३२० मध्ये ९,५५० फुटांवर लाल वॉर्निंग येते, ७३७ मध्ये १०,००० फुटांवर हॉर्न वाजतो. प्रवाशांचे मास्क १४,००० फुटांच्या आसपास आपोआप खाली पडतात.

आणि माणसाचा आकडा. दाब गेल्यावर ऑक्सिजनशिवाय डोकं नीट चालतं तो काळ २५,००० फुटांवर तीन ते पाच मिनिटं, ३५,००० ला अर्धा ते एक मिनिट, ४०,००० ला पंधरा-वीस सेकंद. दाब झटक्यात गेला तर यातला निम्मा वेळ धरा, कारण फुप्फुसातला ऑक्सिजन उलटा बाहेर खेचला जातो. त्यातही वाईट गोष्ट ही की ऑक्सिजन कमी पडलेल्या माणसाला बरं वाटत असतं. नखं निळसर होतात, बोटांना मुंग्या येतात, कडेचं दिसेनासं होतं, साधी बेरीज चुकते, आणि चेहऱ्यावर हसू असतं. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये वैमानिकांना कमी दाबाच्या चेंबरमध्ये बसवून हाच अनुभव देतात. स्वतःचं पहिलं लक्षण कोणतं, हे ज्याला ठाऊक असतं तो हवेत ते लवकर ओळखतो.

धडाक्याने गेलेला दाब आणि चोरपावलाने गेलेला दाब

धडाक्याचा प्रसंग ओळखायला कष्ट पडत नाहीत. मोठा आवाज, कानात दडे, केबिनमध्ये धुक्याचा पडदा, गारठा, उडणारे कागद. २८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये २४,००० फुटांवर एका ७३७-२०० च्या पुढच्या भागाचं छतच उडालं. एक केबिन क्रू सदस्य बाहेर फेकली गेली, पण वैमानिकांनी विमान खाली आणून उतरवलं. काय झालं, याबद्दल त्यांना शंका घ्यायला जागाच नव्हती.

जास्त माणसं घेऊन जातो तो हळू सरकणारा प्रकार. १४ ऑगस्ट २००५. सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सला निघालेलं ७३७-३००. आदल्या रात्री मागच्या दाराच्या सीलची तक्रार तपासताना इंजिनिअरने गळतीची चाचणी घेतली. त्यासाठी प्रेशरायझेशनचा सिलेक्टर मॅन्युअलवर नेला होता, तो तिथेच राहिला. सकाळी वैमानिकांच्याही नजरेतून सुटला. मॅन्युअलचा दिवा हिरवा असतो आणि हिरवा दिवा दिसला की डोळा पुढे सरकतो. आउटफ्लो व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच होता. विमान वर चढत गेलं तशी केबिनही चढत गेली. हॉर्न वाजला. पण जमिनीवर टेकऑफची मांडणी चुकली की हाच हॉर्न वाजतो, म्हणून दोघांना वाटलं की त्यातच काही बिघाड आहे. ते रेडिओवर कंपनीच्या इंजिनिअरशी बोलत राहिले आणि बोलता बोलता बेशुद्ध पडले. इंधन संपेपर्यंत विमान ऑटोपायलटवर उडत राहिलं. १२१ पैकी कुणीही वाचलं नाही. पुढे ७३७ मध्ये या दोन इशाऱ्यांसाठी दोन वेगळे लाल दिवे आले.

त्या कॉकपिटमध्ये मास्क हाताशी होते, ऑक्सिजन भरलेला होता. कारणावर चर्चा सुरू होण्याआधी मास्क चढले असते तर चर्चेला हवा तेवढा वेळ मिळाला असता.

हळू गळतीची चाहूल अशी लागते. विमान एका उंचीवर स्थिर आहे आणि केबिनचा रेट, म्हणजे केबिन अल्टिट्यूड बदलण्याचा वेग, शून्यावर नाही, मिनिटाला दोन-तीनशे फुटांनी वर जातोय. कान परत परत मोकळे करावे लागताहेत. मागच्या गॅलीतून ‘दारापाशी शिट्टीसारखा आवाज येतोय’ असा फोन येतो. केबिन क्रूने हा फोन करायला कधीही संकोचू नये आणि कॅप्टनने तो कधीही उडवून लावू नये.

नागपूरचा उन्हाळा आणि विसरलेलं ब्लीड

पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना पूर्ण भरलेलं विमान उचलायचं म्हणजे इंजिनची सगळी ताकद हवी असते. गरम हवा विरळ असते, इंजिनला आणि पंखांना दोघांनाही कमी मिळते. अशा वेळी टेकऑफपुरतं पॅक बंद ठेवतात किंवा इंजिनचं ब्लीड बंद करतात, म्हणजे कॉम्प्रेसरची हवा केबिनसाठी खर्ची पडत नाही. पद्धत मान्यताप्राप्त आहे, त्यात गैर काही नाही. धोका नंतर आहे. वर गेल्यावर ते परत चालू करायचं असतं, आणि नेमकी तेव्हाच चाकं, फ्लॅप, रेडिओ, ढग अशी सगळी गर्दी असते.

ए३२० मध्ये इंजिनची ताकद चढाईच्या पातळीवर आणली की पहिला पॅक आणि फ्लॅप पूर्ण आत गेले की दुसरा पॅक चालू करतात. ७३७ मध्ये क्रम वेगळा आहे, पण तत्त्व तेच. २० सप्टेंबर २०१८ ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या एका ७३७ मध्ये ब्लीडचे स्विच चालू करायचे राहून गेले. मास्क पडले, तीसेक प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आलं आणि विमान मुंबईला परत आणावं लागलं.

यावरचा उपाय साधा आहे. टेकऑफच्या ब्रीफिंगमध्येच ‘आज पॅक बंद आहेत, अमुक क्षणी मी चालू करीन, तू बघ’ असं मोठ्याने ठरवा. मग १०,००० फूट ओलांडताना दोघांनी मिळून दाबाचं पॅनल बघा, आणि ‘बघितलं’ म्हणून भागवू नका, आकडे वाचा. केबिन अल्टिट्यूड किती, केबिनचा रेट किती, फरक किती. सगळं ठीक असेल तर विमान मिनिटाला दोन हजार फुटांनी चढत असताना केबिन पाचशेच्या आसपास चढते. दोन्ही आकडे सारखेच धावताना दिसले तर केबिन मुळात बंदच झालेली नाही. चढाई तिथेच थांबवा.

कॉकपिटमध्ये काय करायचं

हॉर्न वाजला किंवा लाल वॉर्निंग आली, की पाठ असलेला क्रम सुरू.

१. दोघांनीही मास्क लावायचा, रेग्युलेटर १०० टक्क्यांवर. डब्यातला मास्क एका हाताने पाच सेकंदांत चढला पाहिजे. लाल चिमटा दाबून बाहेर काढा, पट्टे फुगतील, डोक्यावरून घाला, चिमटा सोडा. हेडसेट आधी गळ्यात घ्या, चष्मा परत चढवा.

२. एकमेकांशी बोलणं जुळवायचं. मास्कमध्ये वेगळा माइक असतो. ७३७ मध्ये त्यासाठी ऑडिओ पॅनलवरचा स्विच बूमवरून (हेडसेटच्या माइकवरून) मास्कवर न्यावा लागतो. सिम्युलेटरमध्ये सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जाताना दिसतो. दोघंही मास्कच्या आत ओरडत असतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. ‘मी ऐकतोय, तुला ऐकू येतंय का?’ एवढं एक वाक्य होऊ द्या, मगच पुढे.

३. ७३७ असेल तर सिलेक्टर मॅन्युअलवर, आउटफ्लो व्हॉल्व्हचा स्विच बंदच्या दिशेने धरून ठेवायचा, काटा पूर्ण बंद दाखवेपर्यंत. याला वीस सेकंद लागू शकतात. पाचव्या सेकंदाला ‘काही होत नाही’ म्हणून सोडू नका. केबिनचा रेट खाली वळला तर दाब हातात आला, आता मॅन्युअलवरच चालवत राहा. ए३२० मध्ये मास्क, सीटबेल्टची चिन्हं आणि लगेच इमर्जन्सी डिसेंट, म्हणजे तातडीने खाली उतरणं, असा रोख असतो.

४. दाब आवरत नसेल तर उतरायचं. केबिन १४,००० च्या वर गेली किंवा जाणार असं दिसलं तर प्रवाशांच्या ऑक्सिजनचा स्विचही हाताने चालू करा, मास्क आपोआप पडले असतील यावर विसंबू नका.

इमर्जन्सी डिसेंट म्हणजे विमान नाकावर उभं करणं नव्हे. ए३२० मध्ये उंचीचा नॉब फिरवून ओढा, मग हेडिंगचा, मग वेगाचा. ऑटोपायलट हे काम तुमच्यापेक्षा सफाईने करतो, त्यालाच करू द्या. समोरच्या पडद्यावर मोड खरोखर बदलला का ते वाचा, थ्रस्ट आयडल (इंजिनची ताकद किमान), स्पीडब्रेक पूर्ण. वेग कमाल मर्यादेजवळ न्यायचा, म्हणजे ए३२० ला माख ०.८२ (ध्वनीच्या वेगाच्या ०.८२ पट) आणि खाली आल्यावर ३५० नॉट, ७३७ ला ३४०. पण मोठा आवाज झाला असेल, थरथर जाणवत असेल, रचनेला इजा झाल्याची शंका असेल तर वेग वाढवायचा नाही. आहे तोच वेग राखा, वळणं अलगद घ्या. फाटलेल्या कातडीवर वाढलेला वेग काय करील, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

हिशेब करून बघा. ३६,००० वरून १०,००० ला यायचं म्हणजे २६,००० फूट. मिनिटाला ६,००० फुटांनी सव्वाचार-साडेचार मिनिटं. प्रवाशांच्या डोक्यावरचा ऑक्सिजन बारा ते पंधरा मिनिटं टिकतो. घाई हवी, पण धांदल करायचं कारण नाही.

रेडिओवर हवाई वाहतूक नियंत्रणाच्या ज्या कंट्रोलरशी बोलणं चालू आहे त्यालाच ‘मेडे, मेडे, मेडे’, कॉलसाइन, ‘इमर्जन्सी डिसेंट’, कुठल्या उंचीवरून कुठे, कुठल्या बाजूला वळतोय. ट्रान्सपाँडरवर ७७००, हा रडारवर दिसणारा आणीबाणीचा कोड. उत्तर नाही मिळालं तर आणीबाणीची फ्रिक्वेन्सी १२१.५. मध्य भारतावरून दिल्ली-चेन्नई, मुंबई-कोलकाता अशा मोठ्या वाटा एकमेकींना छेदतात आणि वरच्या थरात दोन विमानांत उभं अंतर फक्त हजार फुटांचं असतं. म्हणून गरज असेल तर वाटेवरून थोडं बाजूला व्हा, बाहेरचे दिवे लावा, टीकॅसच्या, म्हणजे आसपासची विमानं दाखवणाऱ्या यंत्रणेच्या, पडद्यावर खाली कोण आहे ते बघत उतरा.

कुठपर्यंत उतरायचं? १०,००० फूट किंवा त्या भागातली सुरक्षित किमान उंची, यांपैकी जी जास्त असेल ती. विदर्भावर हा प्रश्न सोपा आहे. उत्तरेला सातपुड्याचं सर्वांत उंच टोक, पचमढीचं धूपगड, १,३५० मीटर म्हणजे ४,४३० फुटांच्या आसपास. १०,००० वर येऊन थांबलं की डोंगराची चिंता नाही. हेच लेहच्या वाटेवर झालं तर गणित पार बदलतं. तिथे खाली हिमालय आहे, एका दमात १०,००० ला येता येत नाही, म्हणून बाहेर पडायच्या वाटा उड्डाणाआधीच आखून ठेवाव्या लागतात. आपल्याकडे चिंता ढगांची. मे-जूनमध्ये दुपारनंतर गडगडाटी ढग उठतात, तेव्हा रडार चालू ठेवा आणि ढगातून जावं लागलं तर इंजिनचं अँटी-आइस विसरू नका.

केबिनमध्ये काय करायचं

केबिन क्रूसाठी पहिला नियम: जिथे असाल तिथला जवळचा मास्क ओढा आणि बसा. रिकामी सीट नसेल तर हँडरेस्ट पकडा, प्रवाशांमध्ये घुसून बसा. गाडा तसाच सोडायचा नाही, ब्रेक लावा. आधी प्रवाशांना मास्क लावून द्यायला धावणारी व्यक्ती ३५,००० फुटांवर अर्ध्या मिनिटात स्वतःच आडवी होते, मग तिला कोण बघणार?

मास्कच्या वरच्या डब्यात साधारणपणे रासायनिक जनरेटर असतो. सोडियम क्लोरेट आणि लोखंडाची भुकटी यांच्या प्रक्रियेतून ऑक्सिजन निघतो. मास्क जोराने खाली ओढला की दोरी पिन ओढते आणि प्रक्रिया सुरू होते. एक मास्क ओढला की त्या ओळीतल्या सगळ्यांना ऑक्सिजन मिळतो, आणि एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. जनरेटर चांगलाच तापतो, धूळ जळल्यासारखा वास येतो. प्रवासी ‘आग, आग’ म्हणून ओरडतील. त्यांना हे आधी सांगायला वेळ नसतो, पण क्रूला मात्र माहीत हवं, म्हणजे नसलेल्या आगीमागे धाव घेतली जाणार नाही. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो, हेही तितकंच महत्त्वाचं.

प्रवाशांनी एवढंच करायचं. मास्क जोरात ओढा, हळुवार नाही. नाक आणि तोंड दोन्ही झाका. १७ एप्रिल २०१८ ला अमेरिकेत इंजिनचा तुकडा लागून एका ७३७ ची खिडकी फुटली, तेव्हाच्या फोटोंत कित्येक प्रवाशांनी मास्क फक्त तोंडावर लावलेला आणि नाक उघडं असं दिसतं. स्वतःचा लागला की मग मुलाचा, आजीचा. ओळीत सीटपेक्षा एक मास्क जास्त असतो, तो कडेवरच्या बाळासाठी. पट्टा घट्ट करा, मोबाइल खाली ठेवा. विमान जोरात खाली जातंय असं वाटेल. ते पडत नाहीये, हवेकडे चाललंय.

क्रूसाठी अजून एक गोष्ट, आणि ती २००५ च्या त्या अपघाताने शिकवली. मास्क पडले आहेत, तरी विमान खाली जात नाहीये, कॉकपिटमधून घोषणा नाही, तर वाट बघत बसू नका. इंटरफोन करा. उत्तर नाही आलं तर फिरता ऑक्सिजनचा सिलिंडर खांद्याला लावून दारापाशी जा आणि आपत्कालीन कोडने आत शिरा.

विमान १०,००० ला स्थिर झालं आणि कॉकपिटने सांगितलं की फेरी मारा. सिलिंडर सोबतच ठेवा, त्याला मिनिटाला दोन लिटर आणि चार लिटर अशा दोन गती असतात. आधी टॉयलेट बघा, तिथे कुणी पडलेलं असू शकतं. मग बेशुद्ध, मग जखमी, मग गरोदर बायका, म्हातारी माणसं, दम्याचे आणि हृदयाचे रुग्ण. खिडक्यांच्या, दारांच्या कडेला कान देऊन आवाज कुठून येतो ते ऐका आणि कॉकपिटला ओळीच्या क्रमांकासह सांगा. मोकळे झालेले मास्क परत डब्यात कोंबू नका.

कानाचं दुखणं

नागपूरच्या जमिनीवरून निघालेली हवा ७,००० फुटांच्या केबिनमध्ये साधारण पाव पटीने फुगते. चिवड्याचं बंद पाकीट बघा, सोनेगावला मऊ असतं, वर गेल्यावर टणक होतं. कानाच्या पडद्यामागची आणि पोटातली हवाही तशीच फुगते. वर जाताना कानातली हवा सहज बाहेर पडते. त्रास उतरताना होतो, कारण बाहेरचा दाब वाढतो आणि कानाला घशाशी जोडणारी नळी बंद असेल तर पडदा आत खेचला जातो. गिळा, जांभई द्या, नाक चिमटीत धरून तोंड मिटून अगदी हलकेच फुंका. जोर लावलात तर पडद्याला इजा होते. बाळाला दूध पाजत राहा. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर प्रवास पुढे ढकललेला बरा, मग तो साधा असो की कुठला.

उतरल्यावर कान बधिर राहिला, चक्कर आली किंवा रक्त आलं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. सांधे दुखू लागले, त्वचेला मुंग्या आल्या किंवा श्वास लागला तर नायट्रोजनच्या बुडबुड्यांची शंका घ्यावी लागते. अशा माणसाला १०० टक्के ऑक्सिजन लावा, रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुन्हा विमानात बसवू नका.

नागपूरला उतरताना

१०,००० फुटांवर तेवढ्याच अंतराला इंधन खूप जास्त लागतं. मुंबईहून कोलकात्याला निघालेल्या विमानाने इथून पुढचं हजारेक किलोमीटर अंतर त्या उंचीवरून कापण्याचा हट्ट धरू नये. ३,२०० मीटरची धावपट्टी समोर असताना वळावं. वजन उतरण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर त्याची वेगळी चेकलिस्ट आहे. आता दाब गेलेलाच आहे, विमान सुरक्षित उंचीवर आहे, तेव्हा ती शांतपणे वाचून करायला वेळ आहे.

कंट्रोलर निकामी झाल्याने मॅन्युअलवर आला असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. ए३२० मध्ये मॅन्युअल टॉगल हलवल्यावर व्हॉल्व्ह प्रतिसाद द्यायला दहा सेकंद घेऊ शकतो. तुम्ही धीर सोडून परत परत दाबत राहिलात की केबिन झोपाळ्यासारखी वर-खाली होते आणि सगळ्यांचे कान जातात. थोडा स्पर्श करा, थांबा, रेट बघा. खाली येताना मिनिटाला तीनशेच्या आसपास पुरे. आणि अंतिम टप्प्यात टॉगल पूर्ण ‘अप’ करायचा. उतरताना ‘अप’ हे डोक्याला उलटं वाटतं, पण त्याने व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. ७३७ मध्येही उतरण्याआधी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा झालाय हे काट्यावर बघायचं.

हे राहिलं तर काय होतं? नोव्हेंबर २००० मध्ये मायामीला एक ए३०० जमिनीवर आलं, आत दाब उरलेला होता आणि दार उघडताच ते स्फोटासारखं उडालं. दार उघडणारा केबिन क्रू सदस्य बाहेर फेकला जाऊन मरण पावला. म्हणून दाराच्या हँडलला हात लावण्याआधी कॉकपिटने फरक शून्य आहे असं सांगितलं पाहिजे. ए३२० च्या दारावर खिडकीपाशी लाल दिवा असतो. तो लुकलुकत असेल तर आत दाब आहे, हात मागे घ्या.

दुसऱ्या एका दिव्याने मात्र घाबरून जाऊ नका. ७३७ वर नागपूरहून निघालात, ठरलेल्या उंचीला पोहोचण्याआधीच परत फिरावं लागलं, की ‘ऑफ शेड्यूल डिसेंट’चा दिवा लागतो. तो बिघाड नाही. कॉम्प्युटर आपसूक केबिनला नागपूरच्या उंचीवर परत आणतो. अशा वेळी पॅनलवरच्या फ्लाइट अल्टिट्यूडच्या खिडकीतला आकडा बदलायला जाऊ नका, बदललात तर ही सोय जाते.

इंजिनिअरला काय लिहून द्यायचं

टेक लॉगमध्ये, म्हणजे बिघाडांच्या नोंदवहीत, ‘दाबाची समस्या’ एवढंच लिहिलं तर रात्रपाळीच्या इंजिनिअरच्या हाती काही लागत नाही. विमानाची उंची, त्या क्षणी केबिन अल्टिट्यूड, रेट, दाबातला फरक, आउटफ्लो व्हॉल्व्हचा काटा कुठे होता, कोणता कंट्रोलर चालू होता, दोन्ही पॅक आणि ब्लीड चालू होते का, आवाज कोणत्या दाराच्या कुठल्या कडेला, वरच्या की खालच्या. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असूनही केबिन चढत होती असं लिहिलं, तर तो थेट सील आणि कातडीकडे किंवा कमी पडणाऱ्या पॅककडे जाईल. व्हॉल्व्ह अर्धा उघडा होता म्हणालात तर कंट्रोलरकडे. या एका ओळीने कित्येक तास वाचतात.

सील तपासताना बोटाने पूर्ण कडा चाचपा. चीर, चपटा झालेला भाग, चिकटलेली धूळ किंवा टेपचा तुकडा, एवढ्यानेही शिट्टी वाजते. वापरलेले किंवा मुदत संपलेले ऑक्सिजन जनरेटर काढले तर ते कधीही प्रवासी विमानाच्या पोटात माल म्हणून चढवू नका. ११ मे १९९६ ला अमेरिकेत तसे चढवलेले जनरेटर पेटून विमान कोसळलं आणि ११० माणसं गेली. आणि गळतीची चाचणी संपली की सिलेक्टर ऑटोवर परत न्या, बोट ठेवून दुसऱ्या माणसाला दाखवा, आणि ‘सिलेक्टर ऑटो’ हे शब्द सहीच्या वरच्या ओळीत लिहा.